दुसऱ्याचं नाव नसलेली प्रार्थना

माझे सासरे पेनियामिना यांनी मी त्या घरात आल्यापासून कुणाला तोंडावर वाकडा शब्द काढला नाही. जे काय बोलायचं ते ते देवाला बोलत. आम्ही शेजारी बसून ऐकायचो.

संध्याकाळी चर्चपुढच्या झाडाला टांगलेल्या रिकाम्या गॅसच्या टाकीवर हातोडी पडली की आमचं गाव असंल तिथं थांबतं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना लुंग्या नेसलेले गडी उभे राहतात, चालणाऱ्याला खाली बसवतात. घराघरांत स्तोत्र सुरू होतं. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळं कोण काय मागतंय ते देवाआधी शेजारणीला कळतं.

मी सून म्हणून आले त्याच्या तिसऱ्याच संध्याकाळी मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे स्वर्गीय पित्या, ह्या घरात आलेलं नवं लेकरू लुपे, तिला तू गोड गळा दिलास, तुझे आभार मानतो. आता तिला नीरफणस न जाळता भाजायची बुद्धी दे. आणि तिच्या आईला क्षमा कर, जिनं ते शिकवलं न्हाई."

सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले. प्रार्थनेत कुणी उलटून बोलत नाही, आणि तीच तर मामांची सोय होती.

एकेका संध्याकाळी एकेकाचा नंबर लागायचा. माझा नवरा याकोपो मासे आणायला उशीर करतो. शेजारच्या घरची डुकरं आमच्या तारोच्या, म्हणजे अळूकंदाच्या, वाफ्यात तोंड घालतात आणि मालक झोपा काढतो. हे जरा मोठ्या आवाजात, मालकाला ऐकू जावं म्हणून. पलीकडची म्हातारी सकाळी विहिरीवर भेटली की विचारायची, "काय गं लुपे, आज कुणाची पाळी? सांगून ठेव, म्हंजे आमी लवकर जेवून बसू."

माणूस वाईट नव्हता. कोको आणि तारो पिकवणारा, सावाई बेटावर जन्मलेला, तिथंच म्हातारा झालेला. तरुणपणी त्यांनी एका माणसाला वल्ह्यानं मारलं होतं, त्याचा खांदा कायमचा निकामी झाला. त्यानंतर ते चर्चमध्ये गेले, गुडघे टेकले, पुन्हा कुणावर हात उचलणार नाही म्हणून शपथ घेतली आणि ती पाळली. पुढं चर्चचे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, झाले. हात जोडले, पण राग काही गेला नाही. तो जोडलेल्या हातांच्या मागं जाऊन बसला.

एकाच माणसाचं नाव त्यांच्या प्रार्थनेत कधी आलं नव्हतं, त्यांच्या थोरल्या बहिणीचं. फुआतिनोआत्या विधवा होऊन माहेरी परतलेल्या. केतकीची पात रेशमासारखी चिरून बारीक चटई विणणाऱ्या, त्यांच्यासारखा हात आसपासच्या चार गावांत नव्हता. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं आमच्याकडं म्हणतात. बहिणीला भावानं लागेल असं बोलू नये, तिच्या मनातनं उतरलेल्या भावाचं भलं होत नाही, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो.

आत्यांना साखरेचा आजार होता आणि नारळाच्या दुधातल्या गोड पावाचं वेड होतं. पाव त्या केतकीच्या पेंडीत दडवून ठेवत. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनाही होतं. ते बघून न बघितल्यासारखं करत.

दीड वर्षाची एक चटई पुरी झाली त्या दिवशी गावातल्या बायका ती बघायला आल्या. चौदा जणी पाय दुमडून बसल्या होत्या, आत्यांच्या बोटांचं कौतुक चाललं होतं. त्याच दुपारी गावच्या दवाखान्यातली नर्स मामांना बाजूला घेऊन म्हणाली होती, "तुमच्या आक्काच्या पायाचं बोट काळं पडलंय. त्यांनी मला शपथ घातलीय कुणाला सांगू नको म्हणून. बोटीनं पलीकडच्या बेटावरच्या मोठ्या इस्पितळात न्या." मामा घरी आले ते पांढरे पडलेले. पेंडीत हात घातला तर तीन पाव निघाले. तेवढ्यात टाकी वाजली.

स्तोत्र झालं. मामांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, जी बहीण तू मला डोळ्यातली बाहुली म्हणून दिलीस ती आंधळी झालीय. ती चोरून खाते. तिचा पाय सडायला लागलाय आणि तिच्या जिभेची हाव सुटत न्हाई. ह्या बायकांना वास येत असंल, चांगल्या म्हणून बोलत न्हाईत. तिची लबाडी…"

आत्या उठल्या.

प्रार्थना चालू असताना उठलेलं माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. काठी घेतली, लंगडत पायरी उतरल्या आणि रस्त्याला लागल्या. पहाऱ्यावरच्या गड्यांनी त्यांना बसवायला हवं होतं. ते बाजूला झाले आणि त्यांनी माना खाली घातल्या. मामांनी तशीच शेवटपर्यंत प्रार्थना म्हटली, पण "आमेन" त्यांचं एकट्याचं झालं.

आत्या गेल्या त्या बायकांच्या मंडळाच्या घरात, चर्चच्या मागं. तिथंच राहिल्या. याकोपो आणायला गेला, मी गेले, चर्चचे पाळक स्वतः गेले. नर्स रोज पट्टी बदलायची आणि रोज इस्पितळाचं काढायची.

आत्या तिला म्हणाल्या, "बाई, माज्या पायाचं काय ते माजा भाऊ न देव बघून घेतील. त्यांचं बोलणं झालंय. मी मधी कोण?"

"आत्याबाई, पाय जाईल. जीवसुद्धा जाईल."

"जाऊ दे. मग वास येनार न्हाई कुनाला."

मामांनी पहिले दोन दिवस जेवण पाठवलं. नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं, आत्यांच्या आवडीची. भांडं न उघडता परत आलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः जेवले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे उठले आणि पेटीतनं ती नवी चटई काढली.

आमच्याकडं कुणाच्या हातनं कुणाचा जीव गेला, तर सगळं घराणं पहाटे समोरच्यांच्या अंगणात जाऊन खाली बसतं, डोक्यावरनं चटई ओढून घेतं. आतली माणसं बाहेर येऊन ती चटई उचलतील तेव्हा माफी. न उचलली तर तिथंच बसून राहायचं, मग डोक्यात दगड पडला तरी.

याकोपो म्हणाला, "आबा, हे एकट्यानं करायचं काम न्हाई. आणि सख्ख्या बहिणीपुढं कुनी केलंय का आजवर? लोक हसतील."

"हसू देत."

"बरं, निदान चटई दुसरी घ्या."

"ह्याच्यापेक्षा भारी घरात हाय का दुसरी?"

नव्हती. पण ती आत्यांनीच विणलेली होती. दीड वर्ष ज्या चटईवर त्यांनी डोळे फोडले, त्याच चटईखाली जाऊन हा माणूस त्यांच्या दारात बसला. मी पाण्याची बाटली घेऊन लांब झाडाखाली उभी राहिले.

ऊन चढलं. चटईखालचं माणूस हलत नव्हतं. आतनं बायकांची कुजबुज येत होती. आत्या खांबाला टेकून बसल्या होत्या, पाय उशीवर.

"माजीच चटई मला पांघरून दाखवतोय," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "म्हनावं, नीट धर. उसवशील."

बराच वेळ गेला. मग चटईखालनं आवाज यायला लागला. आधी मला वाटलं मामा रडतायत. ते प्रार्थना करत होते.

"…हे पित्या, तिचं कठीन झालेलं काळीज तू मऊ कर. तिचा अहंकार…"

आत्या म्हणाल्या, "ऐका गं. आता खालनं चालू झालं."

एक बाई हसली. मग दुसरी. चटई उडाली. मामा घामानं निथळत उभे, डोळे लाल.

"ऊन काय मला एकट्यालाच लागतंय का? सकाळधरनं बसलोय. आनखी काय करू, सांग की."

आत्यांनी तोंड फिरवलं. मामा चटई तिथंच टाकून घरी आले. घरी येऊन कोको वाळत घालायच्या छपरात शिरले आणि दुपारभर बाहेर आले नाहीत. मी जेवण घेऊन गेले तर बियांच्या ढिगाशी बसलेले, उजवी मूठ डाव्या हातात गच्च धरलेली.

"लुपे," ते म्हणाले, "मी आता उठलो असतो आणि मारलं असतं कुनाला तरी. चाळीस वर्सं झाली, पन तो वल्हं धरलेला मानूस गेला न्हाई."

मी जेवण त्यांच्यापुढं ठेवलं आणि निघाले.

पाळकीणबाई आल्या त्या दुसऱ्या दिवशी. जाडजूड बाई, चालताना धापा टाकायच्या, पण बोलायला फटकळ. पायरीवर बसल्या, कोको मागितला, अर्धा पेला संपवला आणि मग म्हणाल्या, "डीकन, तुमाला प्रार्थना येत न्हाई."

मामांनी त्यांचा पेला पुन्हा भरला.

"तुमी देवाच्या आडोशाला उभं राहून दगड मारता. मानसानं उलटा दगड मारायचा कुनाला? देवाला?" त्यांनी पेला खाली ठेवला. "उद्यापासनं रोज सकाळी एकट्यानं प्रार्थना करा. दुसऱ्या कुनाचं नाव घ्यायचं न्हाई. बहिनीचं न्हाई, लेकाचं न्हाई, डुकराचंसुद्धा न्हाई. एकट्या पेनियामिनाचं सांगा देवाला."

"एवढंच?"

"करून बगा, एवढंच का ते."

सकाळी मी स्वयंपाकाच्या छपरात नीरफणस भाजायचे दगड तापवायला जायचे, तिथनं कोकोचं छप्पर दहा पावलांवर. मला चोरून ऐकायचं नव्हतं, पण कान काय बांधून ठेवणार?

पहिल्या दिवशी आवाज आला, "हे स्वर्गीय पित्या." मग बराच वेळ काही नाही. मग, "मी पेनियामिना, ज्याला ह्या गावात कुनी समजून घेत न्हाई…" थांबले. खाकरले. "हे स्वर्गीय पित्या. मी, ज्याच्या बहिनीनं…" पुन्हा थांबले. हे असं सूर्य वर येईपर्यंत. बाहेर आले तेव्हा तोंड कडू झालेलं.

"मामा, झाली प्रार्थना?"

"दुसऱ्यांची नावं गाळली तर माज्याकडं पाच शब्द उरत्यात, लुपे. पित्या, मी, पेनियामिना, आमेन. चारच झाले."

आठवडाभर तसंच. काही दिवशी तर आतनं पाय आपटल्याचा आवाज यायचा. संध्याकाळची घरची प्रार्थना त्यांनी याकोपोकडं दिली. याकोपोला सवय नाही. तो नुसता प्रभूची प्रार्थना म्हणायचा आणि उठायचा. शेजारची म्हातारी कंटाळली. मला म्हणाली, "तुमच्याकडं काय मजा उरली न्हाई आता." मला हसू आलं नाही. कारण रोज दुपारी मी आत्यांकडं पाणी घेऊन जायचे आणि रोज पट्टी मोठी झालेली दिसायची. बोटानंतर पंजा. त्या घरात आता खरंच वास होता. बायका खोबरेल तेलात फुलं टाकून वाटी आत्यांच्या उशाशी ठेवत. आत्या चटई विणायला घ्यायच्या आणि तापानं हात थांबायचा.

मी घरी येऊन मामांना सगळं सांगायचे. ते ऐकायचे आणि एक दिवस एकदम ओरडले, "मग तिला म्हनावं मर." आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. तो दिवस मी विसरणार नाही. देवाचा माणूस, साठी उलटलेला, स्वतःच्या तोंडाला घाबरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी छपरातनं आवाज आला तो वेगळा. हळू, चर्चमधला खर्ज नसलेला.

"मला भीती वाटते." मग थांबून, "पायाचं बोट काळं पडल्याचं कळलं तवा मला भीती वाटली. भीती वाटली की मग मी रागावतो. पित्या, मला दुसरं काय करता येत न्हाई." पुढं काही नाही. आमेनसुद्धा नाही. मी दगडांवर लाकडं सारत होते, हात तसाच राहिला आणि चटका बसला.

ह्यानं काही सुटलं असं नाही. त्याच दुपारी ते याकोपोवर जाळ्यावरनं गुरगुरले. पण गुरगुरले ते याकोपोवर, समोरासमोर; देवाला मधे घेतलं नाही. रोज सकाळी ते जात राहिले, रोज तेवढंच बोलत राहिले. कधी चार वाक्यं, कधी दोन.

आत्या घरातनं गेल्याच्या विसाव्या दिवशी नर्स रडत आमच्याकडं आली. "उद्याच्या बोटीनं न्हाई गेल्या तर परवा नेऊन उपयोग न्हाई. काळं घोट्याच्या वर चाललंय."

मामा उठले. अंगावर सदरा चढवला. टाकी वाजायला अवकाश होता. मी मागनं गेले. बायकांच्या घरासमोर खडीवर ते बसले, उघड्या डोक्यानं, ना चटई, ना जेवणाचं भांडं. टाकी वाजली. आता कुणाला उठून कुठं जाता येणार नव्हतं.

आत स्तोत्र झालं. मग अडचण आली. डीकन दारात बसलेला असताना प्रार्थना त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणी करत नाही. मंडळाची वडीलधारी बाई आत्यांकडं बघायला लागली.

"विचारा की," आत्या म्हणाल्या. आवाज तापानं खोल गेलेला. "ऐकू दे गावाला, आज काय काय निघतंय."

मामांनी डोळे मिटले. मी माझे मिटले नाहीत. शेजारच्या घरांतली स्तोत्रं संपून सगळीकडं शांत झालं होतं. मला वाटतं अर्धं गाव कान लावून होतं.

"पित्या," ते म्हणाले. "मी पेनियामिना. तुज्या नावाखाली मी मानसांना मारलं. हातानं मारायचं सोडलं आणि तुज्या नावानं मारलं. मला त्याची चटक लागली हुती. मला भीती वाटते. आणि माज्या बहिनीला…"

थांबले. त्यांचा जबडा हलताना मला दिसत होता. पुढचे शब्द मला पाठ होते: बुद्धी दे, काळीज मऊ कर, तिला समजू दे. ते सगळे त्यांच्या दातांमागं येऊन उभे होते. मानेची शीर फुगली. मूठ खडीवर टेकलेली, खडे बोटांत रुतलेले.

"आमेन," ते म्हणाले.

बायका बारीक आवाजात आमेन म्हणाल्या. आत्या म्हणाल्या नाहीत.

मग आतनं आत्यांचा आवाज आला. "पेनी. तुजं 'आणि' अर्धंच राहिलं."

"राहू दे, आक्का."

"काय हुतं ते?"

"देवाला सांगायचं न्हवतं. तुला सांगायचं हुतं."

"मग मला सांग की. मी काय मेले न्हाई अजून."

मामांनी डोळे उघडले. माझ्या आठवणीत बहिणीच्या तोंडाकडं सरळ बघून काही मागायची त्यांची ती पहिलीच वेळ. मागायलाही त्यांना जमेना.

"आक्का, उद्या माज्यासंगं इस्पितळात चल. मला तू हवीयस."

आत्या छपराकडं बघत राहिल्या. "हे सांगायला तुला चौदा बायका लागल्या," त्या म्हणाल्या. "माजी पात भिजत घातलीय, ती काढून ठेवा गं कुनीतरी. आणि मला धरून उठवा, अंग धुवायचंय. अशी जानार न्हाई मी बोटीत."

सकाळच्या बोटीनं आम्ही तिघं गेलो. समुद्र खवळलेला. मामांनी आत्यांचा पाय मांडीवर घेऊन धरला होता, लाट आली की स्वतः आदळायचे, पाय हलू द्यायचे नाहीत. बोटीवरच्या कुणी तरी नाकाला फडकं लावलं. मामांची नजर फिरली, गाल ताठ झाले. मला वाटलं, आता. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, उघडले तेव्हा त्या माणसाकडं बघितलंच नाही.

पाय गुडघ्याच्या वरनं गेला. त्यानंतर पाच दिवस ताप उतरेना. मामा पलंगाशेजारी चटई टाकून बसत, व्हरांड्यात जाऊन त्यांची ती दोन वाक्यांची प्रार्थना करत, परत येऊन बसत. सहाव्या दिवशी सकाळी आत्यांचं अंग गार लागलं. डॉक्टर तपासून गेले, जाताना मामांना दाराशी घेऊन काही बोलले. मामा परत आले ते भिंतीला हात लावत लावत.

"काय म्हनाला?" आत्यांनी विचारलं.

मला वाटलं ते सांगणार नाहीत. मी खुणेनं नको म्हटलं.

"म्हनाले, वाचलीस. आणि म्हनाले," मामा पलंगाच्या कडेला खाली बसले, "तीन आठवडे आधी आनली असती तर बोटावर भागलं असतं. ते तीन आठवडे माजे हायेत, आक्का."

आत्या पांघरुणाच्या रिकाम्या जागेकडं बघत होत्या. बाजूच्या पलंगावरच्या बाईचं लेकरू रडत होतं, ते गप्प झालं, पुन्हा रडायला लागलं.

"दोन तुजे," आत्या म्हणाल्या. "एक माजा."

मग त्यांनी पाणी मागितलं. मामांनी पेला धरला, अर्धं पाणी उशीवर सांडलं, आणि आत्या उरलेलं अर्धं प्यायल्या.